प्लॉटवरची तूरडाळ

पंच्याण्णव साली आमचा धुळ्याचा भिकमचंदशेठ देवपुरातलं दुकान विकायचं ठरवून कोकणात समुद्राकाठी रिसॉर्टमधला प्लॉट घ्यायला निघाला. मीही सोबत. प्लॉटवर उभं राहून कंपनीचा एजंट म्हणाला, “शेठ, सही करा, दुपारच्या आत निघू.” मी पिशवीतून पातेलं काढलं. “थांबा भाऊ! तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजल्याशिवाय आमच्याकडे जमीन घेत नाहीत.” तिथंच चूल मांडली. विहिरीचं पाणी खारं, डाळ काही शिजेना. एजंट सारखा समुद्राकडे बघू लागला. शेठ माझ्यावर खेकसला, “मस्करी पुरे!” तेवढ्यात भरतीच्या लाटेनं चूल विझवली, पातेलं उचललं. मी गुडघाभर पाण्यात पळून ते धरलं. “पाणी यंदाच चढलं, शेठ!” एजंट पुटपुटला. मी आमच्या खानदेशी हेलात म्हटलं, “मग सही समुद्राचीच घ्या, ताबा त्याचाच शे!” सही झाली नाही, दुकानही विकलं नाही. अजूनही त्याच दुकानात शेठ दर लक्ष्मीपूजनाला तिजोरीआधी त्या पातेल्याला कुंकू लावतो, मला तूरडाळ देतो. देवपूरच्या पाण्यात झकास शिजते.