चुकल्याचा एक गुण

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या दुकानात लेकीसाठी गोलपोस्ट बघायला गेलेल्या नेव्हिलने पहिलाच प्रश्न विचारला, "बाकीचे दोन खांब कुठायत?"

ब्रॉनीने कपाळाला हात लावला. "बाबा, हे सॉकर आहे. तुझ्या फूटीसारखे चार खांब नसतात."

"मग चेंडू बाजूने गेला तर?"

"काही नाही."

"एकसुद्धा गुण नाही?" नेव्हिल हबकला. फूटीत, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, चेंडू मधल्या खांबांतून गेला तर सहा गुण, शेजारच्या फटीतून गेला तरी एक. गावच्या संघात तो आयुष्यभर टिकला, तो त्या एकेका गुणाच्या जिवावर. नेम चुकून लेकीच्या पदरी शून्य पडायला नको म्हणून त्याने दुकानातला सगळ्यात रुंद गोल पसंत केला.

ब्रॉनीने सगळ्यात छोटा उचलला. "मला नेम शिकायचाय."

"मग मी शिकवतो की!"

"तू नको. तू मागे कुंपणापाशी उभा राहा. चुकलेला चेंडू कुठं जातो, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत?"

नेव्हिलने मान डोलावली. इतक्या वर्षांत मैदानावरची त्याची जागा पहिल्यांदाच कुणीतरी अचूक सांगितली होती.