चिकटपट्टीचं टोक

"वेळ संपली," सकाळपासून घड्याळाबरहुकूम चालणारे परीक्षक म्हणाले. देशोदेशीच्या चौथीच्या मुलांची ही वाचनचाचणी. पुस्तिका ताबडतोब खोक्यात भरून चिकटपट्टीने बंद करायच्या होत्या. फक्त एक यायची राहिली. एरवी पुस्तक दिसलं की पळ काढणारी भिंगरी आज ओळीखाली बोट धरून पुस्तिकेतली गोष्ट वाचत होती. बाईंनी डोकावून पाहिलं. उत्तरांच्या सगळ्या जागा कोऱ्या! त्यांनी हात पुढे केला. "अगं, दे आता." "थांबा ना बाई, कोल्ह्याचं पिल्लू अजून नदीतच आहे!" परीक्षक चिकटपट्टी उचलून नखाने टोक शोधू लागले. "सर, हे काय, समोरच तर आहे," बाई म्हणाल्या. "छे, मला नाही दिसत बुवा," म्हणत त्यांनी पट्टी पुन्हा फिरवली. बाईंनीही मग नजर वळवली. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "पोचलं घरी!" भिंगरी ओरडली. सरांना टोक चटकन सापडलं.