टेकडीमागचं वळण

"तो येतोय की नाही, तेवढंच सांगा," फाटकापाशी उभा असलेला पत्रकार म्हणाला.

ताई हसली, कार्ड दाखवलं आणि आत गेली.

मोटार शर्यतीतल्या निळ्या टीमच्या कारखान्यात सगळेच तिला ताई म्हणायचे, वयाने मोठा असलेला टीमप्रमुख, म्हणजे चीफसुद्धा. पत्रकार ज्याच्याबद्दल विचारत होता तो तिचा सख्खा धाकटा भाऊ, लाल टीमचा चालक आणि सध्याचा जगज्जेता. तो लाल सोडून निळ्यात येणार अशी कुजबुज उन्हाळाभर चालू होती. कुणी त्याला निळ्यांच्या मालकाबरोबर जेवताना पाहिलं होतं. कुणी म्हणे, त्याच्या बायकोने कारखान्याजवळ घरही बघून ठेवलंय. न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांकडे आतली खबर होती. ठरत नव्हतं ते फक्त त्याचं स्वतःचं.

ताईचं काम एका अंधाऱ्या खोलीत चालायचं. मधोमध चाकं नसलेली गाडी आणि तिच्याभोवती अर्धगोल पडदा. ताईने आत बसून पट्टे आवळले की पडदा उजळायचा आणि खोली वाहून जायची. झाडं, कठडे, रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा अंगावरून निघून जायच्या. गाडी मात्र जागच्या जागी, झोपेत कूस बदलल्यासारखी नुसती हलायची. संध्याकाळी बाहेर पडली की खरा रस्ताच तिला खोटा वाटायचा. बसथांब्यावर उभ्या उभ्या तिचा उजवा पाय हळूच दाबला जायचा.

कागदोपत्री ती टीमची राखीव चालक होती. खऱ्या गाडीत बसायची वेळ कधी आली नव्हती.

एके दिवशी चीफने तिला वेगळंच काम सांगितलं.

"ही पुढच्या हंगामाची गाडी. ती तुमच्या भावासारखी चालवायची. त्याला मानवते का बघू."

"टीमचे दोघं चालक आहेत की."

"त्यांचा पाय वळणाआधी उचलला जातो. त्याच्यासारखा पाय तुमचाच."

ते खरं होतं. लहानपणी दोघांत मिळून एकच छोटी गाडी होती. पाय कुठे दाबायचा आणि कुठे भीती गिळायची, हे ताईनेच त्याला शिकवलं होतं. पुढे शर्यतीला एकाचंच नाव द्यायचं ठरलं, तेव्हा वडील म्हणाले, "त्याला बसू दे. तू समजूतदार आहेस." ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि तो जिंकला तेव्हा सगळ्यांत आधी तिनेच टाळ्या वाजवल्या.

पडद्यावर हंगामाच्या पहिल्या शर्यतीचा ट्रॅक होता. त्यात टेकडीमागे एक डावं वळण होतं. चढ संपेपर्यंत पलीकडचं काही दिसत नाही, म्हणून सगळे तिथे पाय उचलतात. धाकटा उचलत नसे.

सुरुवातीचा रस्ता सुरेख गेला. मग टेकडी आली. गाडीची शेपूट सुटली, आभाळ गरगरलं, भिंत समोर आली आणि पडदा लाल झाला. ताईने हात त्याआधीच स्टिअरिंगवरून काढून छातीशी घेतले होते.

"पुन्हा," चीफ म्हणाला.

पुन्हा तेच झालं. दुसऱ्या दिवशीही तेच.

"पाय उचलला तर?"

"मी उचलेन. तो नाही उचलणार."

चीफने आकड्यांचा कागद पुढे ओढला. "आकडे तर बरे दिसतायत."

"आकडे गाडीत बसत नाहीत," ताई म्हणाली.

रविवारी धाकटा घरी आला आणि लहानपणीसारखा स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून बसला. आई सफरचंद चिरत होती.

"मला एक स्वप्न पडतंय," तो म्हणाला. "मी निळ्या गाडीत बसलोय आणि तिला आवाजच नाहीये. नुसता तरंगतोय. ताई, तू त्या गाडीत रोज बसतेस. सही करू का?"

"नको."

"का?"

"टेकडीमागे मी तुझ्यासारखी गेले आणि भिंतीत घुसले. भिंत खोटी होती म्हणून इथे बसलेय."

आईची सुरी थांबली. धाकटा ओट्यावरून उतरला. त्याने ताईच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. ताई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

तो लाल टीममध्येच राहिला. उन्हाळाभर खात्री देणारे आता म्हणू लागले की आम्हाला आधीपासूनच शंका होती. त्याच्यासाठी ठेवलेली जागा भरायला निळ्यांनी इकडेतिकडे विचारून पाहिलं, पण तोवर चांगले चालक कुठे ना कुठे बांधले गेले होते. मालकांनी चीफला बोलावलं आणि चीफने ताईला.

"ही गाडी तुमच्याइतकी कुणालाच माहीत नाही," तो म्हणाला.

"त्याच गाडीत बसणार?" आईने घरी विचारलं.

"मी पाय उचलते, आई. मला सवय आहे."

पहिल्या शर्यतीच्या सकाळी ट्रॅकवर धुकं उतरलं होतं. माणसं नुसती सावल्यांसारखी हिंडत होती. धाकटा आपला लाल तंबू सोडून, कॅमेऱ्यांना न जुमानता निळ्यांकडे आला. त्याने ताईच्या हेल्मेटचा पट्टा स्वतः तपासला.

"तू होतीस म्हणून मी आहे," तो हळू म्हणाला. "टेकडीमागे पाय उचल. माझी शपथ आहे."

"हो रे राजा."

शर्यत सुटायचे दिवे विझले. कानात नुसता वारा भरला. थोड्या वेळाने धुक्यातून टेकडी वर आली.

तिने पाय उचलला नाही. पाण्यावरून होडी सरकावी तशी गाडी वळणातून अलगद गेली. जेवणाच्या सुट्टीत, अंधाऱ्या खोलीत दुसरं कुणी नसताना, पडद्यावर रोज जायची तशीच.