थोरल्याचे केस

"डोकं हलवू नका, शेवटच्या आठ-दहाच राहिल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धाकट्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. त्याच्या दंडातून काढलेलं रक्त यंत्रात गरागरा फिरवायचं आणि वर आलेलं पिवळसर पाणी त्याच्याच टाळूत टोचायचं, असा हा प्रकार. आपलंच आपल्याला परत द्यायला एवढ्या सुया कशाला, हे त्याला तिसऱ्या खेपेलाही पटलं नव्हतं. तो कुलुपं दुरुस्त करणारा माणूस, चव्वेचाळीस वर्षांचा. बाहेर बाकावर चेहऱ्याला सुया घेऊन लालबुंद झालेल्या चार बायका बसत आणि त्यांच्यात तो एकटा पुरुष.

"चेहऱ्यालाही थोडं देऊ का?" बाईंनी विचारलं. "केस तरुण आणि चेहरा म्हातारा, असं विचित्र दिसतं."

"चेहऱ्याचं काही अडत नाही. तिला फक्त केस लागतात."

"हौशी दिसतात बाईसाहेब."

"एकोणऐंशी वर्षांची आहे. आई आहे माझी."

बाईंनी पुढची सुई जरा हळू टोचली.

आईचे डोळे दहा वर्षांपूर्वी गेले आणि कान तीन वर्षांपूर्वी. तिच्याशी बोलायचं तर तळहातावर बोटाने एकेक अक्षर काढावं लागे. ते ताईलाच जमे, कारण आई तिच्याकडेच राहायची. धाकट्याचं अक्षर आईला डोळे असतानाही लागलं नव्हतं. मुलगे आले की तिच्या मांडीवर डोकं टेकवत. ती केसांतून हात फिरवी आणि कोण ते सांगे. दाट आणि राठ म्हणजे थोरला. कपाळापासून मागे नुसती विरळ लव म्हणजे धाकटा. नाक-हनुवटी दोघांची एकाच साच्यातली, तिथे तिला फरक कळत नसे.

थोरला मालवाहू बोटीवर इंजिन सांभाळी. वीस वर्षांत तो तीनदा घरी आला होता. आजी गेली तेव्हा, काका गेले तेव्हा आणि वडील गेले तेव्हा. एरवी त्याला रजा मिळत नसे, आणि मिळालीच तर तो ती कुठल्यातरी बंदरात झोपा काढण्यात घालवी. धाकटा मात्र दर रविवारी यायचा. आई त्याच्या डोक्यावर दोन टपल्या मारून म्हणायची, "हा आला माझा चकोट." आणि लगेच विचारायची, "थोरल्याचं काही कळलं?"

गेल्या वर्षी थोरला बोटीवरच गेला. छातीत कळ आली आणि संपलं. तिकडच्या बंदरातच सगळं उरकलं. आईचं हृदय थकलेलं होतं, तिला धक्का बसता कामा नये असं तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून सांगायचं राहिलं ते राहिलंच. आई हल्ली अर्ध्यावर ताट सरकवायची.

"एकदा त्याच्या डोक्यावरून हात फिरला की मी सुटले," ती म्हणायची.

आधी केसांचा टोप आणून पाहिला होता. ताईने डोळे मिटून हात फिरवला आणि क्षणात त्याची कडा दोन बोटांत पकडली.

"पायपुसणं लागतंय," ती म्हणाली. "आई तुला टोपासकट बाहेर काढेल."

मग हे सुयांचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून टाळू पाहून सांगितलं होतं, मुळं बरीचशी जिवंत आहेत, पण खात्री कसलीच देत नाही.

चौथ्या खेपेनंतर केस बोटांना लागू लागले. धाकटा दुकानात कुलूप खोलता खोलता मध्येच डोक्याला हात लावून बघे.

"आता रविवारी येऊ नकोस," ताई म्हणाली. "हे असं मधलंअधलं डोकं तिच्या हाताला लागलं तर सगळंच मुसळ केरात."

"मग तिला काय सांगशील?"

"बाहेरगावी कामाला गेलाय म्हणून लिहीन हातावर. दुसरं काय सुचणार?"

आईने पहिल्या दोन रविवारी विचारलं. ताईने लिहिलं. तिसऱ्या रविवारी आईने विचारलं नाही, आणि पुढेही नाही. ताईला हायसं वाटलं. धाकट्याला मात्र लागलं. पण आईचा ओढा पहिल्यापासून थोरल्याकडेच, यात नवीन ते काय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. रविवारी दुकान उघडं ठेवून तो जुन्या किल्ल्या घासत बसे.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी वरून फोटो काढून पहिल्या फोटोशेजारी धरला. धाकट्याला नवा फोटो भावाचाच वाटला.

रविवारी त्याने थोरल्याचा जुना सदरा घातला आणि कॉलरला बोटभर डिझेल चोळलं. ताईच्या घरी आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. ताईने तिचा तळहात उघडला आणि एकेक अक्षर काढलं. थोरला आला.

आईचा चेहरा हलला नाही. तिने दोन्ही हात पुढे केले.

धाकट्याने गुडघे टेकले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिची बोटं कपाळापासून मागे गेली, परत पुढे आली, केसांत मुठी भरून थांबली. ताई दाराला टेकून श्वास धरून उभी होती.

"तोच," आई म्हणाली. "तसेच दाट."

ताईने श्वास सोडला. धाकट्याने डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, आता ती हसेल.

आईने केसांतल्या मुठी सोडल्या नाहीत.

"तू उगीच यायचा नाहीस," ती म्हणाली. "ही तीन महिने माझ्या हातावर खोटं लिहितेय. तू तरी खरं सांग. माझा धाकटा कधी गेला?"