शेंडीवालं अंडं

“नेहमीचीच मेफ्लाय आहे, ओढ्यावरचा साधा किडा, असं रिपोर्टात लिही, सही कर, स्वीट अ‍ॅज, विषय संपला,” शिरीषदादा म्हणाले. बिल्डरचे मॅनेजर, शिवाय मराठी मंडळातले वडीलधारे. लॅबमध्ये असे येऊन बसले होते, जणू घरचंच कार्य.

स्वरदाने मायक्रोस्कोपवरून डोळे काढले नाहीत. बशीत अल्बनी उपनगरातल्या ओढ्यातली मेफ्लायची अळी होती, नखाएवढी. पाठीवरचे पंखांचे कोंब काळे पडलेले, म्हणजे उडायला आलेली. पोटात अंडी तयार असणार. अळ्या बघाव्यात तर दोन्ही जाती डिट्टो सारख्या. एक ओढ्याओढ्यात सापडते, दुसरी फार दुर्मीळ. फरक कळतो तो अंड्यांत.

दुर्मीळ निघाली तर कायद्याने ओढा पाइपात घालता येणार नव्हता, आणि त्या पाइपावरच घरं उभी राहायची होती. मंडळातल्या कितीतरी जणांचं तिथं बुकिंग होतं. स्वरदा आणि तिचा नवरा हरीश यांचंही होतं. स्वतःच्या घरावर कोण कुऱ्हाड चालवतं, म्हणून तर ओढ्यातले किडे तपासायच्या कामासाठी बिल्डरला तीच पसंत पडली होती.

“अगं, एक दिवस जगणारा किडा तो.”

“म्हणून तर घाई आहे, दादा. उडून गेल्या की तपासायला काही उरणार नाही.”

“इशिताला दर हिवाळ्यात दम लागतो त्या बुरशीच्या भाड्याच्या घरात. लेकीचा तरी विचार कर.”

हे मात्र वर्मी लागलं. स्वरदाला संताप आला आणि रडूही आलं. रात्र रात्र इशिताला मांडीवर घेऊन बसत होती ती, दादा नव्हे. तिने ब्लेड उचललं आणि अळीचं पोट अलगद उघडलं. अंडी काचेवर घेऊन पुन्हा डोळा लावला. एकेक अंडं तिने नीट पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवली.

“बघा तुम्हीच.”

शिरीषदादा नाइलाजाने वाकले. “हे काय, प्रत्येक अंड्याला नारळासारखी शेंडी आहे.”

“नेहमीच्या जातीच्या अंड्याला नसते.”

दादांनी चष्मा काढून पुसला. “तुझं घर जाईल, स्वरदा.”

“जाईल. लेकीसाठी कोरडं घर मी शोधेन, ओढा बुजवून नाही.” तिने अंड्यांची काच बाजूला ठेवली. “हरीशला मी सांगते. मंडळाला तुम्ही सांगा.”

एका अळीवर कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. तिने ब्लेड पुसलं आणि दुसरी बशीत घेतली.