खालचा कप्पा

सगळं घर एकदम आवरायला काढलं की जीव नकोसा होतो, म्हणून दर रविवारी एकच कप्पा रिकामा करायचा, हा माझा हुकूम. गाडीची डिकी झाली, माळा झाला. राहिला सुनेच्या कपाटातला खालचा कप्पा. तिची मुलगी जन्मली त्याच दिवशी गेली, आणि ही अजून तिची झबली कवटाळून बसलेली. मी मन घट्ट केलं आणि सगळी देऊन टाकली.

पुढच्या रविवारी कप्प्यात एक फ्रॉक. तोही दिला. मग त्याहून मोठा फ्रॉक आला. तरी मी तोंड मिटून राहिले, जे मला जन्मात जमलेलं नाही. आज मात्र पँट निघाली, गुडघ्यावर घासलेली.

"अगं बये, कुणाची उचलून आणतेस ही? लोक वेड्यात काढतील आपल्याला!"

सून पांढरीफटक पडली. "मी? आई, मला वाटलं तुम्हीच ठेवता. माझं मन रमावं म्हणून."

मी पँट पुन्हा उलगडून बघितली. गुडघ्याची माती अजून ओली होती.

मी ती घडी करून परत कप्प्यात ठेवली आणि म्हटलं, "वरचाही कप्पा रिकामा कर. वाढत्या अंगाची पोर आहे."