उजव्या कानातलं नाव

बारशाच्या गडबडीत यामिनीचा हात राहून राहून स्वतःच्या उजव्या कानाकडे जात होता. तिथे जन्मापासून केसांखाली झाकलेला मांसाचा एक गोळा होता, आणि त्या बाजूनं तिला ऐकूच येत नव्हतं. पाळण्यातल्या भाचीचंही तसंच होणार, या काळजीनं तिनं कितीतरी महिने काढले होते. गर्भाच्या मानेपाशी ज्या कमानींतून पुढे जबडा नि कान घडतात, त्यांतली उजवी कमान स्कॅनमध्ये खुरटलेली दिसली होती.

पाळण्यावर वाकून तिनं आज पहिल्यांदाच बाळाचं टोपडं सारलं, तर उजवा कान अगदी नीटस, पाळीसकट.

"केतकी, हे काय?"

"बाळ पोटात असतानाच कमानीला वळण लावणारं इंजेक्शन घेतलं, ताई. आता सगळ्याच घेतात," भावजय नजर चुकवत पुटपुटली. "बाळ तुमच्यासारखं होऊ नये म्हणून घेतलं, हे तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगणार होते मी?"

यामिनीला आनंद व्हायला हवा होता, पण आत भलतंच काहीतरी टोचत होतं.

"आत्याबाई, नाव सांगा की!" बायका ओरडल्या.

यामिनीच्या बारशाला तिच्या आत्यानंही उजव्याच कानात नाव सांगितलं होतं. ते तिच्यापर्यंत कधी पोचलंच नाही. तिनं बाळाच्या त्याच कानाशी तोंड नेलं.

"कुर्रर्र... ईरा!"

बाळ दचकलं आणि आवाजाकडे वळलं.

तेवढ्यात बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीवर धपाटे घालायला सुरुवात केली. यामिनीच्या डोळ्यांना धार लागली, तशी ती खेकसली, "हळू मारा गं, किती लागतंय!"